कोट घातल्याशिवाय बाहेर नाही

इथं हिवाळा फक्त कॅलेंडरात येतो. महिन्याचं पान उलटलं की घराघरातली कपाटं उघडतात आणि सगळं गाव गाठोड्यासारखं बांधून रस्त्यावर उतरतं. ऊन असं की भिंतीला टेकलं तर पाठ शेकून निघावी, आणि बघावं तिकडं कानटोप्या, मफलर, गुडघ्यापर्यंत बूट. बेकरीवाला तर भट्टीसमोर स्वेटर घालून उभा. घाम पुसतो, पण स्वेटर काढत नाही.

आम्ही आधी ज्या गावात राहिलो तिथं दाराची कडी उघड्या हातानं धरली तर कातडी चिकटून बसायची. आता इथं मी शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करतो. तेव्हा थंडी कशाशी खातात ते मला कुणी शिकवू नये. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात मी कामावर जायचो. लोक वळून वळून बघायचे. बघा लेको, डोळे तुमचेच आहेत.

पण ते माझ्या पोरीच्या वाटेला गेले आणि माझं टाळकं सरकलं.

ठमी दुसरीत, शाळेत नवीन. घरी आली की गप्प. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, मधल्या सुट्टीत बाई तिला वर्गातच बसवतात. कारण काय, तर कोट नाही! हिवाळा लागल्यापासून पोरगी खिडकीला नाक लावून दुसऱ्यांचा खेळ बघत होती. एकही मैत्रीण नाही.

"उद्या जातो आणि त्या बाईंना सुनावतो," मी म्हणालो.

"सुनावू नका, कोट द्या," बायको म्हणाली. "माळ्यावर पडलाय तिचा. देश तसा वेश."

"अगं, उकडतंय बाहेर! या हवेत कोट म्हणजे पंख्याखाली शेकोटी."

"बरोबर आहे हो तुमचं. पण तुम्ही बरोबर असून तिला मैत्रीण मिळणारे का?"

तरी मी शाळेत गेलोच.

बाई दारात आल्या. गळ्याला मफलरचे तीन वेढे.

"बाई, थंडी कुठाय?"

"हिवाळा आहे."

"ते मान्य. थंडी कुठाय?"

त्यांनी माझ्या उघड्या कोपरांकडं बघितलं आणि आवाज मऊ केला. "घरी काही अडचण असेल तर सांगा. शाळेत जुने कोट आहेत. लाजू नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अडचण तुमच्या डोक्यात आहे!"

"कोट घातल्याशिवाय बाहेर नाही. नियम सगळ्यांना सारखा." दार लागलं.

मी कुंपणाशी फणफणत उभा राहिलो. घंटा झाली. पोरं गाद्यांच्या वळकट्यांसारखी बाहेर लोटली, मैदानाच्या कोपऱ्यात पोचली आणि धडाधड कोट काढून फेकू लागली. बघता बघता ढीग झाला. बाई मुद्दाम पाठ करून चहा पीत होत्या. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं! कोट फक्त दारातून सुटण्यापुरता. आणि काचेमागं माझी पोरगी, कारण तिच्याकडं फेकायलासुद्धा काही नव्हतं.

घरी येऊन मी मुकाट माळ्यावर चढलो.

दुसऱ्या दिवशी ठमी कोट घालून गेली. सुट्टीच्या वेळी मी पुन्हा कुंपणाशी हजर. बायकोनं मलाही स्वेटरात कोंबलं होतं, "बाईंना तेवढंच बरं वाटेल" म्हणून. घंटा झाली. कोट उडाले. ठमी धावत आली, चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, टोपी डोक्यावर. तिनं काही कोट काढला नाही. दोन चकरा मारल्या आणि धापा टाकत उभी राहिली. तोंड टोमॅटोसारखं लाल. एका पोरीनं तिची बाही ओढली, तशी तिनं चेन दोन्ही मुठींत गच्च धरली. ती पोरगी खांदे उडवून निघून गेली.

मला लख्खकन कळलं. त्या बर्फाच्या गावात आम्ही तिला बोलायच्याही आधी हे शिकवलं होतं, बाहेर चेन खाली येता कामा नये. काही झालं तरी. तिथं त्यात जिवाचा प्रश्न होता.

"ठमे! काढ तो कोट!" मी ओरडलो.

"आई रागवेल!"

"नाही रागवत! इथं चालतं!"

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तू का घातलायस स्वेटर?"

घ्या! मी स्वेटर डोक्यावरून ओढला. घाईत शर्टाची दोन बटणं तुटली, म्हणून शर्टही काढला. भरदुपारी शाळेच्या कुंपणाशी नुसत्या बनियनवर उभा राहिलो. पोरं खिदळली. रस्त्यावरची एक म्हातारी जागीच थबकली.

"अहो, हे काय चालवलंय?" बाई किंचाळल्या.

"उकडतंय, बाई!"

ठमीनं बाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग चेन सर्रकन खाली आली. कोट ढिगावर पडायच्या आत ती पळाली होती, मघाच्या त्या पोरीच्या मागं. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

बाई मफलर सावरत तरातरा माझ्याकडंच येत होत्या. म्हटलं, येऊ देत.