पाल्मी नावाच्या दोन खुणा

पहाटे जपमाळ पुरी होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. बहीण गेली तेव्हा तिच्या लेकाच्या, अदेमारच्या, सुखरूपतेसाठी मरियामातेपाशी धरलेला हा नेम. अकरा वर्षांत मोडला नव्हता. त्या दिवशी अदेमार दारात येऊन म्हणाला, "मावशी, नवी यादी झाली ना? घेऊ?" मी मण्यावरचं बोट न हलवता मान डोलावली. त्यानं माझ्या कॉम्प्युटरवरून टॅबमध्ये ती उतरवून घेतली, दोन कुन्यापे, चीजचे छोटे पाव, तोंडात कोंबले आणि गेला.

आमच्या सांता आनाच्या वैमानिक क्लबात एक लुटुपुटूचं विमान आहे. मोडीतल्या विमानाची खुर्ची, पुढे तीन पडदे. पोरं त्यावर सराव करतात. त्यातल्या आकाशातल्या, वाट आखायच्या खुणांची यादी मी दर महिन्याला नवी करते: खुणेचं नाव आणि तिचे अक्षांश-रेखांश. यादीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, फक्त सरावासाठी. अदेमारही ती सरावालाच नेतोय, असं मी धरून चालले होते.

जप आटोपून मी क्लबात गेले, यादी चढवली आणि पडद्यावर सान बोर्हा गावाची वाट आखून पाहिली. रेघ पहिल्या खुणेपर्यंत नीट गेली. तिथून डावीकडे पाल्मी या पुढच्या खुणेकडे वळायची ती उजवीकडे वळली आणि पश्चिमेचे डोंगर ओलांडून पडद्याबाहेर निघून गेली.

जगात एकाच नावाच्या खुणा कितीतरी असतात. मी नियम घातला होता: नाव दोनदा आलं तर पहिलं ठेवायचं, बाकीची पुसायची. एरवी यादीत आमचा देश आधी यायचा. या महिन्यात क्रम बदलला होता. आमची पाल्मी पुसली गेली होती. उरली होती ती पार समुद्राकाठची.

"काका, अदेमार कुठाय?"

सेलेस्तीनोकाका रेडिओपाशी कॉफी फुंकत होते. "तो? लसी घेऊन उडाला सान बोर्हाला. पाऊण तास झाला. पहिल्यांदाच एकटा, त्यामुळे ऐट बघायची होती तुम्ही! म्हणे, मावशीची यादी असताना उड्डाणाची विकतची यादी कोण घेतो?"

बाहेर दक्षिणेचा गार वारा सुटला होता. ढग पार झाडांवर टेकले होते.

मी त्यांच्या पुढ्यातून रेडिओचा माईक ओढूनच घेतला. "अदेमार!"

"मावशी? झाला का जप?"

"पुढची खूण किती लांब दाखवतेय?"

"थांब हं... चारशे ऐंशी मैल. टॅब येडा झालाय वाटतं."

"तू कुठे तोंड करून आहेस?"

"बाण दाखवतो तिकडं. मघापासून ढगातच आहे, काही दिसत नाही."

"डावीकडे वळ. पूर्वेला तोंड कर. आत्ता. काही विचारू नकोस, बाळा, वळ."

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत राहिले. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"अहो बाई, बटण सोडा!" काका ओरडले. "तुम्हीच दाबून धरलंय. तो बोलणार कसा?"

बोट निघेना. काकांनी ते उचकटून काढलं. मग नुसती खरखर. मी प्रार्थना म्हणू पाहिली, शब्दच सुचेनात. काकांची कॉफी टेबलावर सांडली होती, ती थेंब थेंब माझ्या पायावर पडत होती.

"मावशी." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "वळलोय. वळताना एकदम काळी भिंत आली बाजूला. तिच्यावरची झाडं दिसली गं मला. पानं दिसली."

"आता?"

"आता खाली हिरवं आहे. नदी आहे."

दुपारी तो परत आला. विमानातून उतरून तिथेच चिखलात बसला. "तूच मान डोलावलीस ना," एवढंच म्हणाला. रागानं नाही. राग चालला असता.

त्या संध्याकाळी मी नियम बदलला. कुठलीच खूण पुसायची नाही. नाव दोनदा आलं तर मागच्या खुणेला जवळ असेल ती घ्यायची, आणि तीही फार लांब निघाली तर थांबून विचारायचं.

दुसऱ्या पहाटे तो पुन्हा दारात आला, टॅब घेऊन. माझी माळ निम्म्यावर होती.

"मावशी, घेऊ?"

मी माळ मांडीवर ठेवली.

"कशासाठी हवीय?" मी विचारलं.

जपाच्या वेळी माझा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. तो दचकून दोन पावलं मागे सरला.