खिळ्यावरची बांगडी

लातूरच्या विमानतळावर मी पोरांना विमान चालवायला शिकवतो. माझी एक वाईट खोड होती. एकट्यानं उड्डाणाला गेलेला विद्यार्थी अर्ध्या वाटेतून परतला, की फळ्याशेजारी त्याच्या नावाच्या खिळ्यावर मी हिरवी बांगडी अडकवायचो. आठवडाभर. पोरं हसायची, मीही हसायचो, मूर्खासारखा.

विशाखा नांदेडला निघाली आणि ढग बघून अहमदपूरवरून परतली. बांगडी तिच्या खिळ्यावर चढली. ती म्हणाली, "माझ्या आईच्या हातात डझनभर हायत, सर. ती कुणाच्या बापाला भीत न्हाई." पोरगी उद्धट आहे, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर तिथं तेवढी एकच शहाणी होती.

व्यंकट हदगावचा. हात सफाईदार, अभ्यासात पक्का, पण लोक काय म्हणतील याची भारी धास्ती. कुणी थट्टा केली तर भरल्या ताटावरून उठायचा. हे मला पुरतं ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात तो एकटा नांदेडला निघाला. निघताना हवा स्वच्छ होती. थोड्या वेळानं रेडिओवर त्याचा आवाज आला, "सर, अहमदपूरच्या पुढं ढग लई खाली आलेत. परतू का?"

'ये' म्हणायला किती वेळ लागतो? पण मागे चार पोरं उभी होती आणि मला माझा रुबाब प्यारा. मी म्हणालो, "विमान तुझ्या हातात आहे. तूच ठरव." मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझं बोट अजून माइकच्या बटणावरच होतं, म्हणजे ते हसू त्यालाही ऐकू गेलं.

मग व्यंकट म्हणाला, "न्हाई सर. जातो पुढं."

विमान दुपारी सापडलं, डोंगराच्या उतारावर. व्यंकट त्यातच होता.

तेरावं झाल्यावर त्याचे वडील मारोतीराव सामान न्यायला आले. चौकशीत मी सगळं सांगितलं होतं, बांगडी सोडून. ती मी टेबलाच्या खणात लपवली होती. लाज वाटत होती, दुसरं काय.

बॅग उचलता उचलता ते थांबले. "सर, एक इचारू? माघारी आला असता तर काढून टाकलं असतं का त्याला?"

"नाही."

"मग काय केलं असतं?"

मी खण उघडला आणि बांगडी टेबलावर ठेवली. "ही त्याच्या खिळ्यावर लावली असती. आठ दिवस."

त्यांनी ती उचलली, उजेडात धरून फिरवून बघितली.

"एवढंच?" ते म्हणाले.