गुरुदासचं हलकं मेयोनीज

देवबागच्या गुरुदासने उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर कुक म्हणून काढलं. कप्तान ग्रीक असो की कोरियन, जेवायच्या वेळेला तो आपल्या हाताखालीच असतो, असं त्याचं म्हणणं होतं. निवृत्त होऊन तो घरी आला तेव्हा मुलाने, रविराजने, खाडीच्या बाजूला खोल्या बांधून पर्यटकांसाठी होमस्टे सुरू केला होता. गुरुदासने कुणाला न विचारता तिथल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बायको सुगंधा वाटप वाटून द्यायची, सून रसिका भाकऱ्या भाजायची आणि गुरुदास मधोमध उभा राहून चव बघायचा. कालवणाची चव, सोलकढीची चव, तळलेल्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, तर घाण्यागणिक चव. मीठ कळायला एक सुंगट पुरतं, हे चीफ कुकला सांगायचं कुणी?

शेवटी ते हृदयाने सांगितलं. गणपतीचं विसर्जन करून येताना गुरुदास वाळूत मटकन बसला तो मुलाने उचलूनच दवाखान्यात नेला. जीव वाचला. डॉक्टरांनी मग पथ्य सांगितलं: तळलेलं बंद, अंड्याचा बलक बंद, मीठ बेताचं आणि नारळ जमेल तितका कमी. डॉक्टर घाटावरचे होते, त्यामुळे नारळाबद्दल असं बोलताना त्यांना काहीच वाटलं नाही.

पथ्याचं गुरुदासला एवढं दुःख झालं नाही. जहाजावर त्याने वादळात चार चार दिवस कोरड्या बिस्किटांवर काढले होते. दुःख झालं ते सुगंधाने घरी आल्याआल्या काढलेल्या हुकमाचं.

"आजपासून रांदपाच्या खोलीत पाय घालूचो नाय," ती म्हणाली. "थंय गेलात काय तुमचो हात आपसूक तोंडात जाता."

"अगो, मी कुक आसंय!"

"कुक होतास. आता पेशंट आसास."

मुलगा, सून दोघंही तिच्या बाजूने झाली. गुरुदासची खुर्ची पडवीत आली. तिथे बसून तो फोडणीच्या वासावरून आत सूचना देऊ लागला, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकू लागला. आतून उत्तर येईना. आपल्यावाचून कालवण शिजतं आणि पाहुणे बोटं चाटतात, हे बघणं त्याला छातीतल्या दुखण्यापेक्षा जड गेलं. खूप विनवण्या केल्यावर सुगंधाने एवढंच कबूल केलं की मे महिन्यात सीझन संपला की डॉक्टरांकडे परत रक्त तपासायचं आणि डॉक्टर बरं म्हणाले तर स्वयंपाकघर परत. तेव्हापासून गुरुदासला बरं व्हायचं होतं ते जगण्यासाठी नव्हे, स्वयंपाकघरासाठी.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची काही मंडळी उतरली. तळलेली सुंगटं पुढे आल्यावर त्यांच्यातल्या मुलीने विचारलं, "काकू, मेयोनीज आहे?" रसिकाने फ्रीजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, कोपरा कापला आणि वाटीत पिळली. पडवीतून गुरुदासने ते पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माज्या घरात पिशवीतलां मेयोनीज?"

"पाव्हण्यांका होया होतां, बाबा," रसिका म्हणाली. "आणि तुमचां कोण करतलां आता? अंडी काय, तेल काय."

हा 'आता' त्याला झोंबला. मेयोनीज ही गुरुदासची खास विद्या होती. बलक फेटत राहायचं, तेल थेंबाथेंबाने सोडायचं, हात थांबवायचा नाही की दिशा बदलायची नाही. भर समुद्रात जहाज डोलत असतानाही त्याचं मेयोनीज कधी फुटलं नव्हतं. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी जाहीर केलं की आपण हलकं मेयोनीज करणार. बिनबलकाचं, नावाला तेल असलेलं, पेशंटनेही खावं असं. मनातला हिशेब सरळ होता. जे आपल्याला खायला चालतं, त्याची चव बघायलाही चालते.

सुगंधाने परवानगी दिली, पण पडवीत, तिच्या डोळ्यांसमोर. लांब वायर ओढून मिक्सर बाहेर आला. पाहुणे समुद्रावर जाता-येता थांबून बघू लागले, आणि बघणारे असले की गुरुदासच्या अंगात दहा माणसांचं बळ येई.

पहिल्या दिवशी त्याने नेहमीचंच मेयोनीज तेल कमी करून केलं. ते मिळूनच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दही घातलं, तर त्याची कढी झाली. मग त्याने दही फडक्यात बांधून टांगलं, चक्का काढला, अंडी कडक उकडून त्यातला फक्त पांढरा भाग घेतला, राई, लसूण आणि नावाला तेल घालून सगळं मिक्सरमध्ये फिरवलं. आंबटपणाला, आपल्या मातीतलं काहीतरी हवं म्हणून, कोकमाचं आगळ ओतलं. रंग आला गुलाबी.

"पोरांचां खोकल्याचां औषध दिसता," सुगंधा म्हणाली.

आगळ जाऊन लिंबू आलं आणि गंगेत घोडं न्हालं. पांढरंशुभ्र, चमच्याला धरून राहणारं, तोंडात गुळगुळीत. पुण्याच्या मुलीने वाटी चाटूनपुसून साफ केली. गुरुदासने स्वतः चार चमचे चाखलं आणि कुणी ब्र काढला नाही. हे दुधाची तहान ताकावर भागवणं होतं, पण तहानलेल्याला त्याचं काय! रसिकाने दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने 'बाबांचं हेल्दी मेयो' असं लिहिलं. मुंबईच्या एका बाईने गुरुदासचा हात हातात घेऊन, काका, तुम्ही आमचं केवढं कोलेस्टेरॉल वाचवलंत, असं म्हटलं आणि त्या पुण्याईवर तळलेल्या बांगड्याची आणखी एक प्लेट मागवली.

त्या सीझनभर रोज टोपभर अंडी उकडली जात होती. गुरुदास मोठ्या ऐटीत एकेक अंडं सोलायचा, मधोमध कापायचा आणि बलक असा काही बाजूला सारायचा की जणू राज्य सोडून वनात निघाला आहे. बलकांची परात मग सुगंधा आत न्यायची. एकदा त्याने सहज विचारलं होतं.

"इतक्या पिवळ्याचां काय करतंस गो?"

"मांजर आसा मां," ती म्हणाली.

त्याचं समाधान झालं. त्याला पथ्याचा आता नाद लागला होता. जेवायला बसला की घरच्यांसाठी तळलेली सुरमई तोही आपल्या ताटात वाढून घ्यायचा, पण वरचं रव्याचं कुरकुरीत कवच नखाने सोलून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि आतला मासा तेवढा खायचा. कालवणातला दाट रस निथळून टाकायचा. सोलकढीची वाटी नुसती ओठाला लावून सरकवायचा. "जिभेवर ताबो होयो माणसाचो," असं तो पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचा आणि हात धुवायला उठायचा. ताट तिथेच राहायचं. त्यांच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत आपण उठल्यावर त्या ताटाचं काय होतं, हे पाहायला तो कधी मागे वळला नव्हता. ताट आपोआप रिकामं होतं, जशी समुद्राला आपोआप ओहोटी लागते, अशी त्याची समजूत असावी.

मे संपत आला, पाहुणे पांगले. रक्त द्यायला जाताना रसिकाने सासूलाही बळेच रिक्षात बसवलं. "आईक जिनो चढताना दम लागता, तिचांव तपासूया," ती म्हणाली. सुगंधाने पुष्कळ कुरकुर केली. आपल्याला काय धाड भरली आहे, खर्च फुकट, अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं कोण बघणार. पण गुरुदासला तेव्हा बायकोचं बोलणं ऐकायला वेळ कुठे होता? तो मनातल्या मनात स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या जागा बदलत होता.

दोन दिवसांनी दोघं डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टर गुरुदासकडे पाहून हसले.

"काका, शाब्बास! तुमच्या वयाला इतकं चांगलं रक्त मी फार कमी वेळा पाहिलंय. काय केलंत?"

गुरुदास याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने शुद्ध मराठीत, कप्तानाशी बोलावं तसं, चक्क्यापासून लिंबापर्यंत सगळं सांगितलं. जिभेवरच्या ताब्यावर दोन वाक्यं जास्तच बोलला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सुगंधाकडे वळले. त्यांचा आवाज बदलला.

"काकू, तुमचं मात्र ठीक नाही. कोलेस्टेरॉल फार वाढलंय, बीपीही वर आहे. काका आले होते ना, तेव्हा त्यांचं होतं त्याच्यापेक्षा जास्त. हृदयाची तपासणी लगेच करायला हवी. तुम्ही रोज खाता काय?"

सुगंधाने पदर सारखा केला.

"सांग गो," गुरुदास म्हणाला. "ती साधांच खाता डॉक्टर, पेज आणि भाकरी."

"पेजेबरोबर काय?"

"ह्यांनी ठेवलेलां," सुगंधा म्हणाली.

"म्हणजे?" डॉक्टरांना कळलं नाही.

सुगंधाने डॉक्टरांना समजेल अशा मराठीत, शब्द जुळवत सांगितलं, "म्हणजे... हे जे खात नाहीत, ते. अन्न टाकवत नाही ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गुरुदासच्या डोळ्यांपुढे बलकांच्या पराती येऊन उभ्या राहिल्या, सीझनभराच्या. ताटाच्या कडेची कवचं आली, दाट रस आला, सोलकढीच्या भरल्या वाट्या आल्या. त्याने जे जे सोडलं होतं त्यातलं काहीच घराबाहेर गेलं नव्हतं. चांगल्या रक्ताचं कौतुक अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं, ते पुसायचं कसं हे त्याला कळेना. त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती वाटली.

परत येताना रिक्षात तो तारकर्लीपर्यंत सीझनभराची अंडी बोटांवर मोजत होता. मग म्हणाला, "मांजराक घालतंय म्हणालंस मां?"

"मांजर खंय आसा आपल्याकडे? गेल्या वर्सा शिमग्यातच मेलां."

"माका कोणी सांगूक नाय."

"घरातलां मांजर, सांगूक कित्याक होया?" सुगंधा म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

सुगंधाच्या हृदयाच्या तपासणीची वेळ रविराजने लगेच घेतली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर गुरुदासचं झालं. डॉक्टरांनी बरं म्हटलं होतं, कबूल केल्याप्रमाणे घरच्यांनी ते त्याला दिलं. शिवाय सुगंधाला आता तिथे पाऊल टाकायला बंदी होती, त्यामुळे वाटेकरीही उरला नव्हता. पडवीतल्या खुर्चीत सुगंधा बसली. जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या हातचं जेवण तयार व्हायची वाट बघत होती आणि ती वाट कशी बघायची हे तिला येत नव्हतं. सारखी उठून दारापर्यंत यायची आणि रसिका तिला हाताला धरून परत नेऊन बसवायची.

गुरुदासने उकडलेली लेपी मासळी, वाफवलेली भाजी, एक भाकरी आणि वाटीत आपलं हलकं मेयोनीज असं ताट वाढलं, स्वतः घेऊन गेला आणि बाजूच्या पायरीवर बसला. ती जेवत असताना तो असा कधी बसला नव्हता. सुगंधाने भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. सीझनभर तिने त्यातलं पांढरं एकदाही चाखलं नव्हतं. तिच्या वाट्याला पिवळंच आलं होतं.

"कसां झालां?" त्याने विचारलं. आजवर हा प्रश्न त्याने कप्तानांना विचारला होता, पाहुण्यांना विचारला होता.

सुगंधाने विचार केला. खोटं बोलायचं तिला सुचलं नसावं.

"ह्येका चवच नाय," ती म्हणाली.

गुरुदासचा चेहरा उतरला. मुंबईची बाई, पुण्याची मुलगी, फळ्यावरचा खडू, सगळं एका घासात गेलं. पण त्या क्षणी त्याला राग आला नाही. आवडत नसताना तिने ते खाऊ नये एवढंच वाटलं; सुधारायचं काय ते सुधारायला त्याला उद्याचा दिवस हवा होता, आणि उद्या ती समोर असायला हवी होती.

"नको तर ठेव गो तां ताटात," तो म्हणाला. "उद्या बरां करतंय."

सुगंधाने त्याच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, खरोखरच कळत नसल्यासारखं.

"ठेवलंय तर खातलो कोण? तुमी?"

सुगंधाने उरलेली भाकरी वाटीत फिरवली, वाटी बोटाने पुसून घेतली आणि त्याच्याकडे पाणी मागितलं.