मागच्या दारावरची पाच अक्षरं

आमची गाडी अँबॅसडर, पण चार जणांच्या दारात असते तशी नव्हे. पाठ लांब, मागं डिकीऐवजी वर उघडणारं दार, आत एक माणूस सरळ आडवा झोपेल एवढी जागा. माझ्या लेकाच्या, रावजीच्या वडिलांनी ती पंच्याऐंशी साली कुठल्याशा लिलावातून आणली. आल्या दिवशी मी तिला ओवाळलं, आणि दुसऱ्या महिन्यापासून आमच्या गावातल्या लेकींची पाठवणी तिच्यातूनच व्हायला लागली. मी कुणाकडून पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. नारळ घेतला आणि मान घेतला. बावन्न पोरी गेल्या. कुसाबाईच्या गाडीतून गेलेली पोर माघारी येत नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे, म्हणजे आधी मी म्हणायचे.

एक माघारी आली. शेजारची भागी. लग्नाला नऊ महिने झाले नव्हते, तिचा नवरा विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि करंट लागून जागच्या जागी गेला. बायका कुजबुजायला लागल्या, की कुसाबाईची गाडी हिलाच कशी लाभली नाही. मला ते सहन झालं नाही. ओट्यावर उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडीत खोट नाय. हिच्या पायात हाय." माझा शब्द गावात चालतो. तोही चालला. भागीला आज पन्नाशी उलटून गेली. या बत्तीस वर्षांत तिला कुणी हळदीला पुढं बोलावलं नाही. मीसुद्धा नाही.

आता माझी नात सायली हिचं लग्न रविवारी होतं. तिची पाठवणी झाली की गाडी विकायची, असं रावजीनं ठरवलं होतं. त्यानं मोबाईलवर फोटो टाकले आणि शुक्रवारी, हळदीच्याच दिवशी, नाशिकहून तनय नावाचा पोरगा बघायला आला. अशा जुन्या लांब पाठीच्या गाड्या शोधायच्या, नीट करायच्या आणि शौकिनांना विकायच्या, हा त्याचा धंदा.

"आजी, अशा राहिल्यात किती! लोकांनी भंगारात घातल्या."

"ज्यांच्यात म्हाताऱ्या माणसांचीच किंमत नाय, ते गाडी कशाला ठेवतील?" मी म्हणाले. "आमच्यात ठेवत्यात."

तो हसला. मग म्हणाला, "मूळ रंग बघावा लागेल. घेणारे तोच मागतात." त्यानं मागच्या दारावर, काचेच्या खाली, चार बोटं जागा पाणी लावून पॉलिश पेपरनं घासायला घेतली. वरचा दुधी रंग गेला. त्याखाली हिरवा निघाला.

"लई पावडर थापलीय की हिनं," मी म्हणाले.

हिरव्याखाली पांढरा निघाला, आणि पांढऱ्यावर काळं काहीतरी. तनय भराभर घासायला लागला. चार बोटांची जागा हातभर झाली.

माझी शाळा दुसरीत सुटलेली. मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचते. श. मग व. मग वा. तिथवर मला काही लागलं नाही. हि वाचलं. का वाचलं. मग पाचही एका दमात वाचली, आणि तव्यावर पडल्यासारखं बोट उचललं.

शववाहिका.

मी तिथंच मातीत बसले. डोळ्यांपुढं सगळ्या पोरी आल्या, शालू नेसलेल्या, ओटी भरलेल्या. माझी लेक मालिनीसुद्धा. मागची जागा एवढी लांब कशाला असते, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

आणि तनय? तो नाचायचाच बाकी होता. "काय नशीब, आजी! नगरपालिकेची गाडी, मूळ अक्षरांसकट! अशी तर कुठंच मिळत नाही. मी किंमत वाढवून देतो."

"पोरा, तुझ्या घरात अजून कुणी मेलं नाय का रे?"

तो वरमला. मी रावजीला हाक मारली. तो आला, त्यानं अक्षरं बघितली, आणि त्याला धक्का बसला नाही. मला दुसरा धक्का बसला तो तिथं.

"तुला ठाऊक होतं?"

"गाडीच्या पुस्तकात आहे ना, पहिला मालक कोण ते. बाबांनी मरताना सांगितलं, आईला कळलं तर ती गाडी जाळील."

"आणि पोटच्या पोरीला तिच्यात बसवणार होतास?"

"तुझा हट्ट होता, आई. तुझ्या हट्टापुढं या घरात कोण बोललंय?"

मांडवातून हळदीची गाणी ऐकू येत होती. अर्धं गाव जमलं होतं. तनय हळूच म्हणाला, "आजी, माझ्याकडं याच रंगाचा डबा आहे. आत्ता हात मारतो, दुपारपर्यंत वाळेल. कुणाला काही कळणार नाही."

"मार," मी म्हणाले.

तो डबा आणायला गेला आणि मी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेले. तिथं चुलीपाशी भागी पुऱ्या तळत बसली होती. हळद पुढं मांडवात आणि ती मागं धुरात. ती तिथंच बसणार हे कुणाला सांगावं लागत नाही. इतकं पक्कं करून ठेवलं होतं मी.

मी तांब्या तसाच खाली ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. गाडी कशाची ते, अक्षरं कोणती ते. वाटलं, रडेल, नाहीतर झारा फेकून मारेल.

तिनं पुरी उलटली. "म्हणजे बत्तीस वर्षं माझे पाय वाईट होते, आन आजपासून गाडी वाईट. व्हय ना, काकू?"

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"वायर उघडी होती," ती म्हणाली. "आदल्या दिशी मी त्यांना बोलले होते, चिकटपट्टी लावा. त्यात पाय कुठून आले आन गाडी कुठून आली?"

हे मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"परवा सायलीसंगं पाठराखीण म्हणून जाशील?" मी म्हणाले, आणि माझंच ऐकून माझ्या अंगावर काटा आला. नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण सवाष्णच पाहिजे, हे गावाला शिकवणारी मीच.

"त्याच गाडीतून?"

"त्याच."

भागीनं पहिल्यांदा मान वर केली. "जाईन. पण माझ्या पायांचं तुम्ही ओट्यावरून बोलला होता, काकू. असं चुलीपाशी येऊन न्हाई."

मी परत पुढं आले. तनय ब्रश बुडवत होता. "ठेव तो डबा," म्हणाले आणि मांडवात शिरले.

"गाणं थांबवा गं."

बायका थांबल्या. सायलीच्या गालावर हळदीचा हात तसाच राहिला. रावजी कोपऱ्यातून मानेनं नको नको म्हणत होता. मी सांगितलं, आपली गाडी आधी मढी न्यायची.

कुणीतरी हळदीची वाटी खाली ठेवली. मग कमळाबाई ताडकन उठली. "म्हंजी माझ्या दोन्ही पोरी मढ्याच्या गाडीतून धाडल्या व्हय गं तू?"

"व्हय. आन माझीबी."

दोघीतिघी पदर झटकून बाहेर गेल्या. मी उभीच राहिले, बसले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. गाडीचं सांगून झालं होतं. भागीचं अजून राहिलं होतं.

"थांबा," मी म्हणाले. "जाऊ नका. आन कुणीतरी मागनं भागीला बोलवा."