झाकण उघडेच आहे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. रंग राखाडी, वजन चांगले भरगच्च, आणि निम्म्या बटणांवरची अक्षरे पुसून गेलेली. छत्तीसगडात रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात मंदाकिनीकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. शेजारी लोणच्याची बरणी असते, पण आमचे बरे जमते.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! शालिग्रामकाका, म्हणजे काकूंचे यजमान, तेव्हा रेल्वेच्या ऑफिसात होते. त्यांनी मला घरी आणले, कुंकू लावले आणि कितीतरी दिवस कोणाला हात लावू दिला नाही. पुढे ते निवृत्त झाले, कुंड्यांमध्ये रमले, आणि मी काकूंच्या वाट्याला आलो. माझे सोन्याचे दिवस तेच.

काकू माहेरच्या अमरावतीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. इथल्या मराठी घरांतली मुले मराठी समजतात, उत्तर मात्र हिंदीत देतात, हे त्यांच्या मनाला लागले होते. म्हणून दर रविवारी सकाळी त्या माझ्यासमोर बसून मुलांना गोष्ट सांगत. माझ्या पडद्यावर चौकोनाचौकोनात चेहरे उगवत. कोणी दात घासत असे, कोणी पोहे खात असे. त्यांत ज्ञानदा नावाची एक लाजरी मुलगी होती. ती कधी बोलत नसे, नुसती टक लावून ऐकत असे. अजूनही ते चौकोन आठवले की मला भरून येते.

मग माझ्या कंपनीने एक अपडेट पाठवले. आमच्या पोटात जन्मापासून एक छोटी आज्ञावली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. झाकण उघडे की बंद, ही खबर तीच देते. अपडेटने तिचेच डोके फिरवले. झाकण सताड उघडे असताना ती मधूनच ओरडू लागली, "झाकण बंद!" झाकण बंद झाले की झोपायचे, हा आमचा नियम. त्यामुळे ऐन गोष्टीत मी ठार झोपू लागलो.

आणि घात व्हायचा तो नेमक्या वेळी झाला. एका रविवारी काकूंनी विचारले, "सांगा बरं, ते अस्वल झाडावर काहून चढलं असन?"

ज्ञानदाने पहिल्यांदा तोंड उघडले. "आजी, उसको शहद चाहिए था," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी मी अंधारलो.

पुढच्या रविवारी ज्ञानदा आली नाही. त्यानंतरही नाही. गोल बाजारात तिची आई वीणा भेटली तेव्हा उलगडा झाला. काकू घरी आल्या आणि पिशवी हातात तशीच ठेवून काकांना म्हणाल्या, "अहो, ते पोट्टी म्हणते, मी हिंदीत बोलली म्हणून आजीनं रागानं फोन काटला!"

"मशीन बिगडलं होतं म्हणून सांगायचं ना," काका म्हणाले.

"वीणानं सांगून पाहिलं. पोट्टी ऐकतच नाही."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मला सगळे ठाऊक होते, पण मी सांगणार कसे?

कंपनीने मॉडेल जुने झाले म्हणून हात झटकले. काका मला विकायला निघाले. तेवढ्यात काकूंचा भाचा स्वानंद जेवायला आला. तो कॉम्प्युटरच्याच कामातला. त्याने माझ्यात लिनक्स घातले. ही सगळ्यांसाठी खुली असलेली प्रणाली, कोणीही वाचावी, कोणीही सुधारावी. पण पोटातले फर्मवेअर तेच ना! मी पुन्हा पेंगलो. स्वानंदने माझ्या पोटातल्या नोंदी चाळल्या आणि तो हसू लागला.

"मावशी, हा खोटं बोलून राहिला. झाकणाच्या बाबतीत याचं ऐकायचंच नाही, असं लिहून टाकतो."

त्याने एकच ओळ लिहिली. मला ती झोंबली. चारचौघांत लबाड म्हटलेले कोणाला आवडेल? पण खरे सांगू, माझे दुखणे नीट समजून घेणारा तो पहिलाच. फर्मवेअर आजही थापा मारते, फक्त कोणी मनावर घेत नाही. झोपायचे ते आता बटण दाबल्यावरच. स्वानंदने ती ओळ इंटरनेटवर सगळ्यांना वाचता येईल अशी मांडून ठेवली, आणि केरळातले माझ्याच मॉडेलचे एक भावंडही तिच्यामुळे जागे राहू लागले. मित्रांनो, एखादी वस्तू अडली तर भंगारात देण्याआधी तिचे नक्की काय दुखते ते पाहत जा. उपाय सापडला तर स्वतःपाशी ठेवू नका.

पुढच्या रविवारी वीणाने ज्ञानदाला जवळजवळ ओढूनच पडद्यासमोर बसवले. काकूंनी तिला काही विचारले नाही, गोष्ट सुरू केली. मध्येच ज्ञानदाचा हात वर झाला.

"आजी, मले..." तिला पुढचा शब्द सापडेना. "मले... वो भालू की आवाज निकालनी है," ती घाईघाईने बोलून गेली आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

माझ्या पोटात फर्मवेअर ओरडले, "झाकण बंद!"

कोणी ऐकले नाही. ज्ञानदाने हळूच एक डोळा उघडला. काकू तिथेच होत्या, माझ्याकडे वाकून बसलेल्या.

"काढ ना बाई आवाज," त्या म्हणाल्या. "मी कुठी नाही जाऊन राहिली."