फर्म्याचा आकडा

रोज सकाळी सातला टॅबवर यादी यायची. आज कमी किमतीत मिळणारी ई-पुस्तकं. टॅब सूनबाईने पाठवला होता आणि यादीही तिनेच लावून दिली होती. म्हणजे नेमकं काय केलं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून यादी येऊ लागली. दूधवाल्याचा खाडा झाला, पेपरवाल्याचा झाला, यादीचा कधी झाला नाही.

बायकोची नजर जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. साखरेने आधी डोळे घेतले, मग मूत्रपिंडांकडे मोर्चा वळवला. खिडकीजवळच्या पलंगावर ती उशीला टेकून बसायची आणि मी खुर्ची ओढून यादी वाचायचो.

"रहस्यकथा. सातवी किल्ली."

"आधीच्या सहा कुठे गेल्या?"

"ते लिहिलेलं नाही."

"पुढे."

"चरित्र. एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचं."

"पूल पडला का?"

"नाही बहुतेक."

"मग पुढे."

"आत्मविकास. नव्वद दिवसांत नवे तुम्ही."

"एवढे दिवस कुणाकडे आहेत? पुढे."

असं बागकाम, इतिहास, परग्रहावरची युद्धं, पाठदुखीचे व्यायाम, राजघराण्यातली प्रेमप्रकरणं, सगळं करत आम्ही शेवटापर्यंत जायचो. त्यातलं एखादं तिला आवडायचं. चहापेक्षा स्वस्त असायचं, म्हणून घ्यायचो. मी पहिलं पान वाचायचो. पहिल्या पानावर तिला दोन तरी चुका सापडायच्या आणि ती म्हणायची, "ठेवा बाजूला. यांनी प्रूफ वाचलेलंच नाही." अशी त्रेसष्ट पुस्तकं टॅबमध्ये साठली होती. एकही पुरं झालं नव्हतं.

आम्ही दोघं एकाच छापखान्यात कामाला होतो. ती वरच्या मजल्यावर प्रूफं तपासायची, मी खाली बाइंडिंगला. सगळे तिला प्रूफबाई म्हणत, मीही तेच म्हणायचो, लग्नानंतरसुद्धा. ती मला बाइंडर म्हणायची. चाळीस वर्षं मी पुस्तकं बांधली आणि त्यातलं एकही वाचलं नाही, कारण मला वाचता येत नव्हतं. लग्नाआधी मी तसं तिला सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "चला, घरी तरी माझ्या चुका काढणारं कोणी नसेल."

आकडे मात्र मला येत होते. बाइंडरचं तेवढ्यावर भागतं. मोठा कागद छापून येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी एक बारीक आकडा छापलेला असतो. त्या आकड्यांच्या क्रमाने फर्मे एकावर एक लावायचे, शिवायचे, पाठीला सरस लावायचा. तो आकडा बाइंडरसाठी असतो. वाचणाऱ्याने त्याच्याकडे बघायचं नसतं, आणि कोणी बघतही नाही.

छापखाना बंद पडला तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. घरी बसून बसून भिंती खायला उठल्या. एक दिवस ती म्हणाली, "बसा, शिकवते." तिला एकच पद्धत ठाऊक होती, प्रूफाची. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेल्या कागदावर नजर ठेवतो. त्यात नुसते शब्द वाचून चालत नाहीत, चिन्हंही म्हणावी लागतात. तो आला स्वल्पविराम बसला पूर्णविराम. मी तसाच शिकलो आणि तसाच वाचायला लागलो. तिचा दुसरा नियम असा की जे छापलंय तेच म्हणायचं, जे असायला हवं ते नाही. चूक असेल तर चुकीसकट वाचायचं. सुधारायचं काम तिचं.

सूनबाईने एकदा फोनवर माझं वाचन ऐकलं. "बाबा, असं कोणी वाचतं का?"

"आमच्या घरात असंच वाचतात," प्रूफबाई मागून म्हणाली.

जुलैच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मुलाला फोनवर काय ते सांगितलं. मुलाने मला सांगितलं. मी तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत स्वयंपाकघरात उभा होतो, तर तिनेच हाक मारली.

"किती म्हणाले?"

"दीड महिना. फार तर दोन."

ती थोडा वेळ चादरीची कड बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "अहो बाइंडर, एक काम करा. मला एक पुस्तक शेवटापर्यंत वाचून दाखवा. एकच. जन्मभर मी पुस्तकं तुकड्यातुकड्यांनी वाचली. आज याचं तिसरं प्रकरण, उद्या त्याचं आठवं. शेवट नेहमी शेजारच्या टेबलावर जायचा. घरी येऊन पुन्हा छापील कागद हातात घ्यायची इच्छा उरायची नाही, आणि नंतर डोळेच गेले."

"कुठलं वाचू?"

"ज्याचा शेवट कळल्याशिवाय चैन पडणार नाही असं. आणि तुमच्या वेगाला झेपेल असं."

माझा वेग म्हणजे दिवसाला आठ पानं. त्यापुढे डोळ्यांतून पाणी यायचं आणि जोडाक्षरं एकमेकांत शिरायची. पूर्वी पुस्तक हातात घेतलं की अंगठ्याने जाडी बघून मी फर्मे सांगायचो. टॅबमधल्या पुस्तकाला जाडी नाही. तळाशी पानं लिहिलेली असतात, त्यावर भरवसा ठेवायचा. चार सकाळी आम्ही यादी चाळली. एक सहाशे पानांचं निघालं, एक कवितांचं, एक तिला आवडलं पण त्यात कुत्रा मरतो असं वर्णनातच दिलं होतं. पाचव्या सकाळी सापडलं. रहस्यकथा, मूळ किमतीच्या पाव किमतीत. नाव 'बाकावरची पिशवी'. तीस वर्षं पत्रं वाटणारा पोस्टमन एका सकाळी भरलेली पिशवी बाकावर ठेवून निघून जातो. त्याची बहीण त्याला शोधते. पानं दोनशे बारा.

"सव्वातेरा फर्मे," मी म्हणालो.

"सत्तावीस दिवस," ती म्हणाली. "घ्या."

मुखपृष्ठावर नाव होतं, पिशवीचं चित्र होतं, आणि खाली कोपऱ्यात बारीक १ होता. तो मी पाहिला. पाहिला आणि वाचला नाही. मुखपृष्ठावर फर्म्याचा आकडा नसतो हे मला कळत होतं, पण ज्या पुस्तकाला शिवण नाही आणि सरस नाही, त्याचा आकडा कुठेही जाऊन पडला असेल. खरं तर एवढा विचारसुद्धा केला नाही. चाळीस वर्षांच्या सवयीने डोळा त्यावरून सरकला.

पुस्तक चांगलं होतं. पहिल्या पानावर तिला एकच चूक सापडली आणि तिने ती माफ केली. सकाळी तिचं अंग पुसून, कपडे बदलून झाले की मी चार पानं वाचायचो, दुपारचं औषध झालं की चार. बहिणीने पिशवीतली पत्रं एकेक करून स्वतः वाटायला घेतली होती. ज्याला पत्र द्यायची त्याला भावाबद्दल विचारायची. प्रत्येक जण वेगळंच काही सांगायचा.

"तो बहिणीला कंटाळून गेला," प्रूफबाई एकदा म्हणाली.

"तीस वर्षांनी?"

"कंटाळा यायला वेळ लागतो. मला तुमचा अजून यायचाय."

"मला वाटतं त्याने कोणाचं तरी पत्र फोडलं असणार."

"तुम्हाला काय, वाचायला आलं तेव्हापासून सगळ्यांची पत्रं फोडावीशी वाटतात."

तिसऱ्या आठवड्यात तिच्या पायांवरची सूज वर चढली. कधी दोन पानांतच ती झोपायची. मग संध्याकाळी तीच दोन पानं पुन्हा वाचावी लागायची, कारण मधलं गाळलेलं तिला खपत नसे. सत्तावीसचे तेहेतीस दिवस झाले. मी मनात पानं मोजायचो आणि तिच्या श्वासाकडे कान ठेवायचो. दोन्ही बरोबर चाललं होतं. आपण पोचतोय असं वाटत होतं.

शेवटचं पान ऑगस्टमधल्या एका दुपारी आलं. बहीण एका परक्या गावाच्या स्टेशनवर उतरते. फलाटावरच्या नळाशी एक माणूस पाठमोरा उभा असतो. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते.

"माणूस वळला पूर्णविराम," मी वाचलं आणि पान सरकवलं.

पुढच्या पानावर लिहिलं होतं, पहिला भाग समाप्त. दुसरा भाग नोव्हेंबरमध्ये.

मी परत मुखपृष्ठावर गेलो. कोपऱ्यात १ होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. पान अडकलंय."

"मग? तोच होता ना?"

मी टॅब तसाच हातात धरून सुरुवात केली. तो तिचा भाऊच होता. त्याने तिला ओळखलं. दोघं बाकावर बसली आणि त्याने सांगितलं की एके दिवशी पिशवीचं ओझं एकदम जाणवलं, आणि ती खाली ठेवल्यावर पुन्हा उचलवेना. बहीण म्हणाली की पत्रं सगळी पोचली, आता काळजी करू नकोस. मग दोघं संध्याकाळच्या गाडीने घरी आली आणि तिने चहा ठेवला. मी एकदाही अडखळलो नाही. वाचायला लागल्यापासून इतकं सरळ मी कधी बोललो नव्हतो. सांगताना मला माझंच बरं वाटत होतं.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "बाइंडर, मला एकसुद्धा पूर्णविराम ऐकू आला नाही."

मी टॅब पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"मूळ प्रत काय म्हणते?"

मी ते वाचून दाखवलं. पहिला भाग समाप्त पूर्णविराम. दुसरा भाग नोव्हेंबरमध्ये पूर्णविराम.

"पुस्तकावर भाग दिला नव्हता?"

"एक म्हणून होतं."

"मग वाचलं का नाहीत?"

"फर्म्याचा आकडा वाटला."

ती हसली. नेहमीसारखी, नाकातून. खोकला लागेपर्यंत हसली, मी पाणी दिलं, ते तिने घेतलं. मग भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, एखादं छोटं बघू का, चाळीस-पन्नास पानांचं, पाच-सहा दिवसांत होईल.

"नको."

"तुला काय वाटतं, तोच असेल का?"

"मला काय वाटतं ते मला तेहेतीस दिवस वाटतंय," ती म्हणाली. "मला त्यात काय लिहिलंय ते हवं होतं."

सूनबाईने प्रकाशकाला कळवलं की घरी आजारी माणूस आहे, शेवट काय आहे तेवढं दोन ओळींत सांगा, आम्ही कुठे बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आमच्या पुस्तकांमधल्या आपल्या रुचीबद्दल आभारी आहोत, असं त्यात होतं, आणि खाली सवलतीच्या पुस्तकांची यादी. सूनबाईला ते सांगताना रडू फुटलं. मी म्हटलं, अगं, त्यांना तरी काय माहीत, कदाचित लिहूनच झालं नसेल.

सकाळची यादी मी वाचत राहिलो. रहस्यकथा, चरित्र, बागकाम. मी प्रत्येक नावानंतर थांबायचो, पण ती "पुढे" म्हणत नव्हती. मग माझा मीच पुढे जायचो. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी यादी उघडायच्या आधीच ती गेली होती.

मुलगा आणि सूनबाई येऊन पंधरा दिवस राहिली. पलंग हलवायचा का असं मुलाने विचारलं, मी राहू दे म्हटलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, यादी बंद करून देऊ?" मी म्हटलं, नोव्हेंबरनंतर बघू.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला दुसरा भाग आला. त्याला सवलत नव्हती. मी घेतला. खुर्ची पलंगाशी ओढली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागलो, दिवसाला आठ पानं, चिन्हांसकट. नळाशी उभा असलेला माणूस तिचा भाऊ नव्हता. भाऊ बहिणीला पुढे पाच गावांनंतर सापडतो, एका वखारीत, आणि तो काहीच सांगत नाही. तो का गेला, यात प्रूफबाईचा अंदाज खरा की माझा, ते कळलंच नाही. बहीण पिशवी त्याच्यासमोर ठेवते, तो तिच्याकडे बघत नाही, ती परत निघते. शेवट एवढाच. प्रूफबाईला आवडला असता का, मला सांगता येत नाही.

अगदी शेवटच्या पानावर एक शब्द दोनदा छापला गेला होता. 'ती ती एकटीच गाडीत बसली.' मी दोन्ही म्हटले आणि सवयीने थांबलो, प्रूफबाई एक काढायला सांगेल म्हणून.

मग पुढचा शब्द वाचला.