वर्नाचा प्रश्न

ओरेस्टच्या छातीत कळ आली ती रविवारी सकाळी, नाश्ता करताना. वर्नाने नवऱ्याला कसंबसं गाडीत बसवलं आणि चार मिनिटांत टॅलो क्रीकच्या आमच्या छोट्या इस्पितळापाशी आणलं. इमर्जन्सीच्या दाराला कागद चिकटवलेला होता: 'कर्मचाऱ्यांअभावी सेवा बंद. जवळची सेवा ब्याण्णव किलोमीटरवर.' तो तिनेच शुक्रवारी लावला होता, पण घाबरून गेल्यावर ते तिला आठवलंच नाही. एकवीस वर्षं ती तिथे साफसफाई करत होती, आणि अलीकडे असले कागद लावणं हेही तिचंच काम झालं होतं. ती तशीच पुढे निघाली. एकसष्टाव्या किलोमीटरला ओरेस्ट गेला. दोन्ही बाजूंना नुसती कापणी झालेली गव्हाची शेतं.

मी ग्रेटा, तिची शेजारीण. गावात बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, कर्लिंगचा क्लब आहे; त्याचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं.

सहा आठवड्यांनी प्रांताचे आरोग्यमंत्री त्याच क्लबात 'लोकसंवादा'ला आले. मंत्री म्हणजे आमचाच डार्सी फॉल्कनर, याच इस्पितळात जन्मलेला. प्रश्न आधी लिहून पाठवायचे, तेही दोनशे अक्षरांत. वर्ना आणि मी माझ्या टेबलाशी बसून शब्द कापत राहिलो. शेवटी उरलं ते एवढंच: 'माझा नवरा वाटेत मेला. दार आठवडाभर उघडं कधी राहणार? तारीख सांगा.'

डार्सी वीस मिनिटं बोलला. मी आत पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत होते आणि तो 'ओटावा', म्हणजे केंद्र सरकार, किती वेळा म्हणतो ते मोजत होते. अकरा वेळा. डॉक्टर नाहीत, दोष ओटावाचा. नर्सेस निघून गेल्या, दोष ओटावाचा. प्रांताने काय केलं? इस्पितळासमोर नवी पाटी उभी केली: 'निरोगी प्रांत, खंबीर प्रांत'. पाटीवर रात्रंदिवस दिवे.

मग त्याच्या ऑफिसातली मुलगी प्रश्न वाचायला लागली. "वर्ना हनाटिव विचारतात, ग्रामीण आरोग्यसेवा आणखी भक्कम करण्यासाठी सरकार कोणती पावलं उचलतंय?"

"फार छान प्रश्न," डार्सी म्हणाला.

वर्ना उठली. "हा माझा प्रश्न नाही."

"आशय तोच आहे, मॅडम," मुलगी म्हणाली. "फक्त थोडा नीट केलाय."

"माझा मेलेला नवरा काढून टाकलास त्यातून! नीट केला म्हणे!"

डार्सीने चेहरा पाडला. "वर्ना, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण ओटावाने जर..."

"ओटावा गेली खड्ड्यात! दार तू बंद केलंस, डार्सी. तुझी आई सांगायची, तुझ्या जन्माच्या वेळी आत चार नर्सेस होत्या. तुझ्यासाठी चार, आणि ओरेस्टसाठी एक कागद? तारीख सांग."

"हे बघा, अशा गोष्टींची तारीख..."

"तारीख सांग!" मागून कुणीतरी ओरडलं. बघते तर लाइल, धान्याच्या कोठारावरचा. डार्सीच्या प्रचाराचा फलक अजून त्याच्या अंगणात उभा होता. मग सगळं सभागृहच टेबलं बडवायला लागलं.

डार्सीची माणसं त्याला मागच्या दाराकडे घेऊन आली, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराकडे. मी झारा घेऊन आडवी उभी राहिले.

"ग्रेटा, जरा बाजूला व्हा."

"कर्मचाऱ्यांअभावी स्वयंपाकघर बंद आहे," मी म्हटलं. "जवळचं दार ब्याण्णव किलोमीटरवर."

लोक हसले. मीही हसले. कोटाच्या एका बाहीत हात, एक बाही लोंबतेय, अशा अवतारात मंत्री सगळ्या गावाच्या मधून बाहेर गेला.

दहा दिवसांनी घरोघर पत्रक आलं. गुळगुळीत कागद, त्यावर वर्नाचा फोटो. हात उंचावलेला, आणि समोर डार्सी मान झुकवून ऐकतोय. खाली छापलेलं: '"आमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं." वर्ना एच., टॅलो क्रीक.'

वर्नाने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "गाडी काढ."

डार्सीचं ऑफिस शेजारच्या गावात. तीच मुलगी टेबलामागे.

"हे मी कधी बोलले?"

"एकूण भावना तशीच होती ना, मॅडम..."

"एकूण भावना मी सांगते तुला," वर्ना म्हणाली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. "हे खोटं आहे असं छापून येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

"साहेब राजधानीत आहेत."

"असू देत. मला घाई नाही. घरी वाट बघणारं कुणी राहिलेलं नाही."

मुलीने पोलीस बोलावला. त्या रविवारी रस्त्याकडेला ओरेस्टच्या छातीवर दाब देत गुडघे टेकून बसलेला तोच हवालदार आला. त्याने टोपी काढली, वर्नाला कॉफी आणून दिली आणि मुलीला म्हणाला, "खुर्चीत बसणं गुन्हा नाही." आणि गेला.

चार दिवस ती रोज नऊ ते पाच बसली. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन आल्या. मुलीला झेरॉक्स मशीनपर्यंत जायलाही आमची परवानगी लागायची.

पाचव्या दिवशी साप्ताहिकात तळाशी बारीक अक्षरांत खुलासा आला: 'सदर विधान अनवधानाने श्रीमती हनाटिव यांच्या नावे छापले गेले. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' तारखेबद्दल चकार शब्द नाही.

बायका म्हणाल्या, जिंकलो. मलाही तसंच वाटलं. वर्नाने 'गैरसोय' या शब्दावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ते उचललंच नाही.

"माझी गैरसोय झाली म्हणे, ग्रेटा."

सोमवारी सकाळी नऊला ती पुन्हा त्या खुर्चीत होती.